जुनी फोर बाय फोर घेताना: रोज एमआयडीसी, रविवारी घाट आणि पाणंद

कोल्हापुरातून पश्चिमेला कुठल्याही रस्त्यानं निघा, दीड-दोन तासांत सह्याद्रीचा कडा लागतो. गगनबावड्याच्या पुढं करूळ आणि भुईबावडा, राधानगरीच्या पुढं दाजीपूर आणि फोंडा, मलकापूरच्या पुढं आंबा, आजऱ्याच्या पुढं आंबोली. त्यामुळं इथल्या माणसाला फोर बाय फोरची, म्हणजे चारी चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची, हौस असणं साहजिकच आहे. पण तीच गाडी सोमवारी सकाळी शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला कामावर न्यायची असते, वाटेत पोरांना शाळेत सोडायचं असतं आणि संध्याकाळी पेठेतल्या गल्लीत लावायची असते. नव्या गाडीचे आकडे बघून बरेच जण जुन्या बाजाराकडं वळतात, आणि तिथं गाडीचं रूप बघून निर्णय होतो. माझं मत ठाम आहे: जुनी फोर बाय फोर घेताना मॉडेल दुय्यम. ती आधी कुठं चालली, कुणी कशी चालवली आणि आज तिच्या पोटाखाली काय अवस्था आहे, हे पहिलं.

आधी गरज नीट मोजा

वर सांगितलेले सगळे घाट डांबरी आहेत. पावसाळ्यात धबधबे बघायला, पन्हाळ्याला, आंबोलीला जायचं एवढंच असेल तर चांगले टायर आणि बऱ्यापैकी ग्राउंड क्लिअरन्स असलेली टू व्हील ड्राइव्ह पुरते. घाटातल्या ओल्या वळणावर गाडी थांबते ती ब्रेक आणि टायरच्या जोरावर. चारी चाकांना ताकद मिळाली म्हणून ती लवकर थांबत नाही.

फोर बाय फोर खरी लागते ती दुसरीकडं. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या मातीत, उसाच्या ट्रॉल्यांनी खोल चाकोऱ्या पाडलेल्या पाणंदीत. भुदरगड, आजरा, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवर जाताना जांभ्याच्या निसरड्या चढावर. ओढा ओलांडून शेतातल्या घरापर्यंत जायचं असेल तेव्हा. वर्षातून असे दहा-पंधरा दिवस जरी येत असतील तरी खर्च पटण्यासारखा आहे. येत नसतील तर तेच पैसे लावून कमी चाललेली, नीट ठेवलेली टू व्हील गाडी घ्या. फोर बाय फोर जड असते, तेल जास्त पिते, आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारी पेटी) व पुढच्या डिफरन्शिअलचं (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारी गिअरपेटी) ऑइल हा वेगळा खर्च कायम असतो.

गरज पक्की झाली की रोजच्या रस्त्याकडं बघा. राजारामपुरीतून उद्यमनगर किंवा शहरातल्या शहरात रोजची चार-पाच किलोमीटरची ये-जा असेल तर बीएस-सहा डिझेलपासून लांब राहा. एप्रिल २०२० नंतरच्या या गाड्यांत एक्झॉस्टमधली काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ती काजळी जळायला इंजिन बराच वेळ तापलेलं आणि एकसारख्या वेगात लागतं. सिग्नल ते सिग्नल चालणाऱ्या गाडीत ते होत नाही, फिल्टर तुंबतो, दिवा लागतो, आणि फिल्टर बदलायचा म्हटलं की खर्च अंगावर येतो. कागल पंचतारांकित एमआयडीसीला रोज हायवेनं जाणाऱ्याला हा त्रास सहसा होत नाही. म्हणजे शहरातल्या शहरात पेट्रोल, रोजच्या हायवेला डिझेल.

रुंदीही मोजा. जिमनी १६४५ मिलिमीटर रुंद आहे, स्कॉर्पिओ-एन १९१७. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत घर असेल तर हा फरक दररोज दोनदा जाणवणार आहे. विसार देण्यापूर्वी गाडी एकदा आपल्या गल्लीत आणून लावून बघाच.

पार्ट टाइम, ऑल व्हील आणि लो रेंज

विकणारा ‘फोर बाय फोर आहे’ म्हणतो तेव्हा त्यात दोन वेगळ्या जाती असतात.

पहिली पार्ट टाइम: थार, जिमनी, जिप्सी, गुरखा, सफारी स्टॉर्म, जुनी स्कॉर्पिओ. एरवी या मागच्या चाकांवर चालतात. लिव्हर किंवा बटनानं फोर एच (चारी चाकांना ताकद, नेहमीचे गिअर) लावलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठा वळसा घेतात. चिखलात चाक थोडं घसरून तो फरक भरून काढतं. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग सगळा ताण ट्रान्सफर केस आणि जॉइंटवर येतो. म्हणून कोरड्या डांबरावर फोर एच लावून फिरवलेली गाडी आतून झिजलेली असू शकते. मालकाला सहज विचारा, ‘फोर व्हील कधी लावता?’ ‘हायवेला ग्रिप चांगली मिळते म्हणून लावूनच ठेवतो’ असं उत्तर आलं तर सावध व्हा.

दुसरी ऑल व्हील ड्राइव्ह: डस्टर एडब्ल्यूडी, हेक्सा फोर बाय फोर, एक्सयूव्ही ५०० एडब्ल्यूडी. यांत गरज पडली की दुसऱ्या एक्सलला ताकद आपोआप जाते. पावसाळी घाटात आणि साध्या कच्च्या रस्त्याला या फार सोयीच्या, चालकाला काही शिकावं लागत नाही. पण त्यांत लो रेंज नाही. लो रेंज म्हणजे गिअर आणखी खाली आणणारी जोड, जिच्यामुळं गाडी चालत्या माणसाच्या वेगानं खडकावरून चढते आणि ब्रेकला न शिवता उतरते. डस्टरचा पहिला गिअर त्यासाठी मुद्दाम आखूड ठेवलाय, तरी ती लो रेंजची जागा घेत नाही.

कुटुंब बरोबर असेल तर लो रेंजचा खरा उपयोग उतारावर होतो. ओल्या मातीच्या तीव्र उतारावर ब्रेक दाबला की चाक जखडून गाडी सरकते. लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये ती इंजिनच्या जोरावर सावकाश उतरते, आणि मागं बसलेली म्हातारी माणसं घाबरत नाहीत.

कुठली गाडी कुणाला

२०२० च्या ऑक्टोबरपासूनची थार बाजारात सगळ्यात जास्त दिसते. ग्लोबल एनकॅपच्या अपघात-चाचणीत तिला चार तारे आहेत, २२६ मिलिमीटर क्लिअरन्स आहे, सुटे भाग गावोगावी मिळतात. अडचण मागच्या सीटची. तीन दारांच्या थारमध्ये मागं जायला पुढची सीट दुमडून चढावं लागतं. आजी-आजोबा नेहमी बरोबर असतील तर शोरूममध्येच त्यांना एकदा चढवून-उतरवून बघा, अर्धा निर्णय तिथंच होतो. दुसरी गोष्ट, जानेवारी २०२३ पासून थार टू व्हील ड्राइव्हमध्येही येते. बाहेरून फरक पटकन कळत नाही. गिअरशेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का बघा आणि आरसीवरचं व्हेरिएंट वाचा. २०२० पूर्वीची थार चिखलात पक्की, पण मागं आडव्या सीट आणि पाटे आहेत, एअरबॅग नाहीत. पोरांना घेऊन रोज फिरायला ती मी सुचवणार नाही.

जिमनी २०२३ ची, म्हणजे जुनी घेतली तरी तशी नवीच. पेट्रोल, हलकी, सहा एअरबॅग, लो रेंज, पेठेत सहज वळते. चौघांच्या कुटुंबाला आणि शहरातल्या कामाला माझी पहिली पसंती हीच. मात्र मागची सीट उभी असताना डिकीत २०८ लिटरच जागा उरते, त्यामुळं तंबू-गाद्यांची सहल असेल तर वर कॅरिअर लागेल.

सहा-सात माणसं असतील तर सफारी स्टॉर्म फोर बाय फोर आणि हेक्सा फोर बाय फोर. दोन्ही बंद झालेल्या गाड्या, त्यामुळं मोठ्या आकाराच्या मानानं स्वस्तात मिळतात. स्टॉर्मला लो रेंज आहे, हेक्साला नाही, पण हायवेवर हेक्साचा आराम जास्त. बजेट मोठं असेल तर स्कॉर्पिओ-एन फोर बाय फोर, ती फक्त डिझेलमध्ये येते. फॉर्च्युनर दणकट आहे, पण जुनीलाही तिच्या नावाचा भाव द्यावा लागतो. फोर्डची एंडेव्हर चालवायला फार छान. फोर्डनं २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवायचं जाहीर केलं, म्हणून घेण्याआधी आपल्या मेकॅनिकला नेहमी लागणाऱ्या भागांची चौकशी करायला सांगा.

डस्टर एडब्ल्यूडी पगारदार कुटुंबाला परवडणारी, घाटात चिकटून चालणारी गाडी. तिच्या डिझेल इंजिनला टायमिंग बेल्ट आहे. तो कधी बदलला याची पावती नसेल तर बदललाच नाही असं धरून किंमत ठरवा, कारण बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. जिप्सीचं प्रेम मला कळतं, पण चारी बाजूंचे पाटे आणि रोजचा ट्रॅफिक हे जमत नाही. घरात दुसरी गाडी असेल तरच जिप्सी.

पुराचं पाणी: इथं सगळ्यात जास्त वेळ द्या

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१, दोन्ही वेळा पंचगंगा धोक्याच्या ४३ फुटांच्या कितीतरी वर गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, वाहतूक बंद पडली. शाहूपुरी, बापट कॅम्प, दुधाळीत दारात लावलेल्या गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. सांगलीत तेच, २०२१ ला चिपळुणात तेच. त्यातल्या कितीतरी गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून पुन्हा रस्त्यावर आल्या. फोर बाय फोरला हा धोका जास्त, कारण ‘ही गाडी पाण्यातून जाते’ असं समजून लोक तिला मुद्दामही पाण्यात घालतात.

तपासणी अशी करा. दिवसा उजेडात जा, टॉर्च न्या, काचा बंद ठेवून पाच मिनिटं आत बसा. ओल्या गोणपाटासारखा वास किंवा त्याला झाकणारा भडक सुगंध, दोन्ही वाईट. मग ड्रायव्हरची सीट पूर्ण मागं सरकवा आणि तिचे पाय जिथं फरशीला बोल्ट केलेत तिथं उजेड टाका. बोल्टाच्या डोक्यावर तांबूस गंज आणि भोवती साकळलेली बारीक माती दिसली तर पाणी तिथपर्यंत आलं होतं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. पहिला हातभर पट्टा सगळे धुतात, गुंडाळीत आत राहणारा भाग कुणी धूत नाही. तिथं मळकट पट्टा आडवा उमटलेला असेल तर पाणी कुठवर चढलं त्याची ती रेघ आहे. स्टेपनीची जागा, डिकीतल्या गालिच्याखालचा पत्रा, डॅशबोर्डच्या खालचे स्क्रू बघा. फ्यूज बॉक्स उघडा, वायरींच्या कनेक्टरवर हिरवट-पांढरी पूड धरली असेल तर पुढं महिनोन् महिने एकेक दिवा आणि सेन्सर बंद पडत राहील.

याच्याइतकाच उपयोगी पुरावा कागदात मिळतो. मालकाकडून आधीच्या वर्षांच्या विमा पॉलिसी मागा. क्लेम नसेल तर नो क्लेम बोनस दरवर्षी २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. २०१९ किंवा २०२१ च्या पावसाळ्यानंतरच्या पॉलिसीत तो एकदम शून्यावर आला असेल तर क्लेम कशाचा होता हे विचारा, सर्व्हिस सेंटरचं बिल बघा. पुरात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. इथं मी अपवाद करणार नाही.

गाडीखाली झोपा

गाडी पसंत पडली की विकणाऱ्याला सांगून ती रॅम्पवर किंवा लिफ्टवर चढवा. शिवाजी उद्यमनगरात गाड्यांचं काम जाणणारी माणसं मुबलक आहेत. त्यातल्या ओळखीच्या एकाला फी देऊन बरोबर घ्या. फुकट बघणारा मित्र अर्धंच बघतो.

चेसिसच्या पट्ट्यांवरून हात फिरवा. कुठं नवं वेल्डिंग, कुठं ताजा काळा रंग? खडकावर आपटलेल्या गाडीच्या डिफरन्शिअलच्या बुडाला आणि ट्रान्सफर केसखालच्या पत्र्याला पोचे असतात. थोडे ओरखडे चालतील, ती वापरल्याची खूण आहे. तडा, किंवा सील लावून बुजवलेला तडा चालणार नाही. पुढच्या चाकांकडं जाणाऱ्या शाफ्टच्या रबरी बुटांवर चीर पडली असेल तर आत चिखल जाऊन जॉइंट खाल्ला असणार. कार्डन शाफ्टच्या क्रॉसला हातानं पिळून बघा, ढिलाई जाणवता कामा नये. टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, बुश आणि शॉकअपही त्याच वेळी तपासून घ्या.

आता या सगळ्या तपासणीतलं सर्वात महत्त्वाचं काम. मेकॅनिकला पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचा भरायचा नट उघडायला सांगा आणि बोट बुडवून ऑइल बघा. मधाच्या रंगाचं किंवा काळपट असेल तर ठीक, जुनं असेल तर बदलता येईल. दुधाळ, चहासारखं झालं असेल तर आत पाणी गेलंय. तापलेलं डिफरन्शिअल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि सील किंवा तुंबलेल्या ब्रीदर पाइपमधून पाणी ओढून घेते. त्या ऑइलवर गाडी किती चालली यावर बेअरिंगचं आयुष्य ठरतं. विकणारा नट उघडायला नाही म्हणाला तर व्यवहार तिथंच थांबवा.

टायर चारी एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारख्या झिजेचे हवेत. पुढं नवे, मागं घासलेले असले की घेर वेगळा होतो आणि तो फरक ट्रान्सफर केस किंवा कपलिंगला झेलावा लागतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. स्टेपनीचंही बघा.

चालवून बघताना

सकाळी जा आणि गाडी आधी चालू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी सांगा. थंड इंजिन कसं उठतं, धूर कसला येतो, हे तापवलेल्या गाडीत कळत नाही. हायवेला ऐंशी-नव्वदवर स्टिअरिंग थरथरतं का बघा. मग जोतिबाचा चढ घ्या. पूर्ण चढ चढून जाताना क्लच सुटतो का, म्हणजे इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही असं होतं का, आणि तापमानाचा काटा कुठं राहतो, ते कळतं. उतरताना ब्रेक एका बाजूला ओढतात का तेही.

फोर व्हील तपासायला मातीचं मैदान किंवा पाणंद शोधा. सरळ चालत फोर एच लावा, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला पाहिजे. मग थांबून, क्लच दाबून फोर एल, म्हणजे चारी चाकं लो रेंजमध्ये. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ॲक्सिलरेटर न देता गाडी मुंगीच्या पावलानं पुढं सरकली पाहिजे, खडखड न करता. परत टू एचमध्ये, म्हणजे दोन चाकांवर, यायला अडली, थोडं मागंपुढं केल्यावर सुटली, तर एवढं चालतं. सुटलीच नाही तर नाही. आणि हे सगळं तुम्ही स्वतः करा. मालकानं करून दाखवलेलं मोजू नका. या वेळी घरची माणसं मागं बसलेली असावीत. मागच्या सीटवर काय वाटतं हे त्यांनीच सांगायचं.

कागदपत्रं

चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. परिवहनच्या संकेतस्थळावर फिटनेस, विमा, बोजा आणि ई-चलन तपासा. कर्ज असेल तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्या, आणि विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे हिशेबात धरा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी नंबर प्लेट बसलीय का बघा.

निपाणी-बेळगावच्या केए-२३, केए-२२ गाड्या आपल्याकडं बऱ्याच येतात आणि स्वस्त वाटतात. त्यांना तिकडची एनओसी म्हणजे फॉर्म २८, इकडं नव्यानं रोड टॅक्स आणि नवा नंबर लागतो. तिकडचा टॅक्स परत मिळवायचा तर वेगळा अर्ज. हे सगळं मिळवून किंमत काढा. दिल्लीकडं दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंधनं आल्यानं तिकडच्या मोठ्या एसयूव्ही इकडं आणून विकल्या जातात. त्यांचा सर्व्हिसचा इतिहास मूळ सर्व्हिस सेंटरकडून मिळाला तरच विचार करा.

मोठे टायर, उंच केलेलं सस्पेन्शन, पुढं लोखंडी बंपर असलेली गाडी पोरांना आवडते. बुल बार लावायला २०१७ पासून केंद्राची मनाई आहे, आणि मूळ रचना बदललेल्या गाडीचा क्लेम अडू शकतो. शक्यतो कंपनीनं दिली तशीच राहिलेली गाडी निवडा.

घेतल्यावर

बजेटमधले निदान दहा टक्के पहिल्या महिन्यासाठी बाजूला ठेवा. इंजिन, गिअर, ट्रान्सफर केस, दोन्ही डिफरन्शिअल, ब्रेक आणि कूलंट, सगळी ऑइलं एकदम बदला. म्हणजे पुढचा हिशेब तुमच्यापासून सुरू होतो. डिकीत नायलॉनचा ओढपट्टा, दोन शॅकल, हवेचा छोटा पंप, फावडं आणि टायरप्रेशर गेज ठेवा. मऊ चिखलात हवा थोडी कमी केली की टायर पसरून पकड घेतो, पण डांबरावर येताच ती परत भरायची.

पहिली कच्ची सहल कोरड्या दिवसात, ओळखीच्या पाणंदीला आणि दुसरी एक गाडी बरोबर घेऊन करा. मसाई पठारासारख्या ठिकाणी गाडी रस्त्यावरच ठेवा. पठारावरचा मातीचा थर पातळ असतो, चाकाखाली आला की पावसाळ्यातली फुलं तिथं पुन्हा सहज उगवत नाहीत. दाजीपूरच्या अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. घाटात गवा आडवा आला तर दिवे डीपर करा, हॉर्न वाजवू नका, तो जाईपर्यंत थांबा.

चिखलातून आल्यावर त्याच दिवशी खालून पाणी मारून घ्या, रेडिएटरच्या जाळीतली मातीसुद्धा काढा. आणि सहल नसली तरी महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर एच आणि फोर एल लावून थोडं अंतर चालवा. बरेच महिने न हललेला लिव्हर ऐन चिखलात अडकतो.